रणभूमीची जमीन आणि इतिहासाची मालकी
(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मसुदा)



आजचा विषय जरा वेगळा आहे. तुम्ही म्हणाल, वर्धापन दिन आपल्या विहाराचा आणि हा माणूस अमेरिकेतल्या जमिनीची गोष्ट काय सांगत बसलाय? पण थोडा धीर धरा. १८७३ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला, तो कुणाला अर्पण केला? अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झटणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना! पुण्यात बसून जोतीरावांनी सातासमुद्रापलीकडचे हे नाते ओळखले होते. पुढे १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या थोर कृष्णवर्णीय विद्वानाला पत्र लिहिले आणि डु बॉइस यांनी त्याला उत्तरही दिले. तेव्हा तिकडची गोष्ट आपल्याला परकी नाही. तिकडे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे काय होते, हे पाहणे आपल्या कामाचे आहे.

आता मूळ विषयाकडे येतो. अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी नावाचे राज्य आहे. त्या राज्यात, मिसिसिपी नदीच्याच काठी, उंच टेकाडांवर व्हिक्सबर्ग नावाचे शहर आहे. तिथे एक राष्ट्रीय लष्करी उद्यान आहे. उद्यान म्हणजे आपली झोपाळ्याची बाग नव्हे. ती एक राखून ठेवलेली रणभूमी आहे. सुमारे १८०० एकर जमीन, त्यात जुन्या खंदकांच्या खुणा, तोफा आणि तेराशेहून अधिक स्मारके, शिलालेख आणि फलक. मोटारीने बघायचे म्हटले तर १६ मैलांचा रस्ता. ही जमीन संघराज्य सरकारची, म्हणजे आपल्या भाषेत केंद्र सरकारची. गेल्या काही वर्षांत तिथे असा प्रस्ताव पुढे आला, की या जमिनीपैकी सुमारे दहा एकरांचा तुकडा केंद्राने मिसिसिपी राज्याला द्यावा. तिथे राज्याच्या पुराभिलेख आणि इतिहास खात्याने नवे केंद्र उभारावे. येणाऱ्या लोकांचे नीट स्वागत व्हावे आणि लढाई काय होती, कशासाठी होती, हे त्यांना समजावे, हा त्यामागचा हेतू. उद्यानाची हद्द कायद्याने ठरलेली, म्हणून एखादा अधिकारी सही करून ती बदलू शकत नाही. त्यासाठी अमेरिकन काँग्रेसपुढे, म्हणजे त्यांच्या संसदेपुढे, विधेयक आणावे लागते.

तुम्ही म्हणाल, अठराशे एकरांतले दहा एकर, म्हणजे एकशे ऐंशी भागांतला एक भाग. एवढ्याशा जमिनीचे काय घेऊन बसलात? तर बंधू-भगिनींनो, प्रश्न एकरांचा नाहीच. ज्या राज्याने गुलामगिरी टिकवण्यासाठी बंड केले, त्याच राज्याच्या हाती आता त्या लढाईची गोष्ट सांगण्याचे दार जाणार आहे. म्हणून हा प्रश्न मोठा आहे.

तिथे घडले काय, ते थोडक्यात सांगतो. १८६० च्या जनगणनेत मिसिसिपी राज्यात ४ लाख ३६ हजारांहून अधिक माणसे गुलाम म्हणून नोंदली गेली. गोऱ्यांची संख्या त्यांच्याहून कमी होती. म्हणजे त्या राज्यात निम्म्याहून अधिक माणसे दुसऱ्याच्या मालकीची होती! १८६१ मध्ये हे राज्य संघराज्यातून फुटले. फुटताना जे जाहीर कारणपत्र काढले, त्यात सुरुवातीलाच, आपली भूमिका गुलामगिरीच्या प्रथेशी पूर्णपणे जोडलेली आहे, अशा अर्थाची स्पष्ट कबुली आहे. पुढे काही लोकांनी सांगायला सुरुवात केली, की हे युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतेच, ते राज्यांच्या हक्कांसाठी होते. पण कागद बोलतो. कागद खोटे बोलत नाही.

१ जानेवारी १८६३ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी बंडखोर भागातले गुलाम मुक्त झाल्याची घोषणा केली आणि कृष्णवर्णीयांना सैन्याची दारे उघडी केली. त्याच वर्षी जनरल ग्रँट यांच्या फौजेने व्हिक्सबर्गला वेढा घातला. १८ मे ते ४ जुलै, असा तो वेढा ४७ दिवस चालला. शहरातल्या लोकांनी तोफांच्या माऱ्यापासून वाचण्यासाठी टेकाडांत गुहा खोदल्या आणि त्यांत राहिले. शेवटी ४ जुलैला सुमारे साडेएकोणतीस हजार बंडखोर सैनिकांनी शस्त्रे खाली ठेवली. मिसिसिपी नदी मोकळी झाली आणि बंडखोरांच्या मुलखाचे दोन तुकडे पडले.

आता या गोष्टीतला जो भाग कित्येक वर्षे कुणी नीट सांगितला नाही, तो ऐका. वेढा चालू असताना, ७ जून १८६३ रोजी, व्हिक्सबर्गच्या वरच्या अंगाला नदीपलीकडे मिलिकन्स बेंड या ठिकाणी बंडखोरांनी पहाटे हल्ला केला. तिथे संघराज्याच्या छावणीत जे शिपाई होते, त्यांतले बहुतेक नुकतेच भरती झालेले कृष्णवर्णीय होते. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत कापसाच्या मळ्यात गुलाम म्हणून राबणारी ही माणसे. हातात जुन्या बंदुका आणि शिक्षण जेमतेम. तरी ते हटले नाहीत. संगिनींनी, बंदुकीच्या दस्त्यांनी, अंगाशी अंग भिडवून लढले. संघराज्याच्या बाजूचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून सहाशेंहून अधिक झाले. त्या दिवसानंतर, "गुलाम काय लढणार?" असे म्हणणाऱ्यांची तोंडे बंद झाली.

आणि या शूरांना मिळत काय होते? गोऱ्या शिपायाला महिन्याला १३ डॉलर आणि काळ्या शिपायाला १०. त्या दहातूनही कपड्यांचे ३ डॉलर कापून घेत. म्हणजे हातात सात! गोळी मात्र दोघांना सारखीच लागत होती. या अन्यायाविरुद्ध त्या सैनिकांनी आवाज उठवला आणि १८६४ मध्ये काँग्रेसने समान पगाराचा कायदा केला. त्या युद्धात संघराज्याच्या फौजेत पावणेदोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय सैनिक होते. व्हिक्सबर्गच्या राष्ट्रीय दफनभूमीत संघराज्याचे सुमारे १७ हजार सैनिक पुरलेले आहेत. त्यांतले जवळजवळ १३ हजार अनामिक आहेत. त्या दफनभूमीत सात हजारांहून अधिक कृष्णवर्णीय सैनिक चिरविश्रांती घेत आहेत.

मग व्हायला काय हवे होते? १८९९ मध्ये रणभूमीचे उद्यान झाले, तेव्हाच या माणसांचे स्मारक व्हायला हवे होते. झाले का? नाही! कारण १८९० सालीच मिसिसिपीने नवी राज्यघटना करून मतदानावर कर बसवला, वाचनाची परीक्षा लावली आणि कृष्णवर्णीयांचे मत जवळजवळ काढून घेतले. ज्याला मत नाही, त्याच्या पुतळ्याला दगड कोण देणार? त्या उद्यानात राज्याराज्यांनी आपापल्या शिपायांसाठी संगमरवर आणि ब्राँझ उभे केले. इलिनॉय राज्याच्या स्मारकाला तर ४७ पायऱ्या आहेत, वेढ्याच्या एकेका दिवसाची एकेक. पण कृष्णवर्णीय सैनिकांचे स्मारक तिथे उभे राहिले ते थेट फेब्रुवारी २००४ मध्ये. म्हणजे उद्यान झाल्यानंतर १०५ वर्षांनी! व्हिक्सबर्गचे पहिले कृष्णवर्णीय महापौर रॉबर्ट वॉकर यांनी त्यासाठी नेट लावला. त्या स्मारकात ब्राँझच्या तीन आकृती आहेत. दोन सैनिक आणि एक शेतमजूर. एक सैनिक जखमी आहे आणि बाकीचे दोघे त्याला आधार देऊन उभे आहेत. शेतमजूर मागे बघतो आहे, गुलामगिरीच्या दिवसांकडे. दुसरा सैनिक पुढे बघतो आहे, स्वातंत्र्याकडे.

आता इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हे स्मारक केंद्र सरकारने आपण होऊन उभारलेले नाही. त्यासाठी पैसा मिसिसिपी राज्याने आणि व्हिक्सबर्ग शहराने दिला. म्हणजे केंद्र तेवढे चांगले आणि राज्य तेवढे वाईट, असा सरळ हिशेब इथे लागत नाही. उद्यान शंभर वर्षे केंद्राच्याच हातात होते, आधी युद्ध खात्याकडे आणि १९३३ पासून राष्ट्रीय उद्यान सेवेकडे. तरी एवढी मोठी गोष्ट झाकलेली राहिलीच ना?

उलट याच मिसिसिपी राज्याने डिसेंबर २०१७ मध्ये आपल्या राजधानीत, जॅक्सन शहरात, दोन संग्रहालये एका छताखाली उघडली. एक राज्याच्या इतिहासाचे आणि दुसरे नागरी हक्कांच्या चळवळीचे. कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारल्याच्या घटना, १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाची झालेली हत्या, १९६३ मध्ये मेडगर एव्हर्स यांचा त्यांच्या घरासमोर झालेला खून, हे सारे तिथे झाकून ठेवलेले नाही. ती संग्रहालये चालवणारे खाते तेच, ज्याच्याकडे व्हिक्सबर्गचे हे केंद्र द्यायचे म्हणतात. २०२० मध्ये या राज्याने आपल्या ध्वजावरचे बंडखोरांचे चिन्हही काढून टाकले. माणसे बदलतात, राज्येही बदलतात. हे आपण मान्य केले पाहिजे.

पण बदलले म्हणून कागद न करता सोडून द्यायचे का? नाही! आता एक गंमत सांगतो, खरे तर गंमत नव्हे, धडा आहे. गुलामगिरी बंद करणारी अमेरिकेच्या घटनेची तेरावी दुरुस्ती १८६५ सालची. मिसिसिपीच्या विधिमंडळाने तिला मंजुरी दिली १९९५ मध्ये. १३० वर्षांनी! बरे, मंजुरी दिली तर दिली, पण त्याचा कागद वॉशिंग्टनला रीतसर पोहोचवायचा राहिला. तो पोहोचला २०१३ मध्ये. ठराव झाला, टाळ्या वाजल्या आणि कागद अठरा वर्षे अडकून पडला. आपल्यापैकी ज्यांनी तलाठी कार्यालयात सातबाऱ्यासाठी आणि तहसीलमध्ये दाखल्यासाठी चपला झिजवल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

म्हणून जमीन एका सरकारकडून दुसऱ्या सरकारकडे जाते, तेव्हा कागदावर काय लिहिले आहे, हे नीट बघावे लागते. माझ्या मते तीन गोष्टी बघाव्यात.

पहिली गोष्ट, कशासाठी. जमीन कोणत्या कामासाठी दिली, ते नेमके लिहिलेले असावे. अमेरिकेत केंद्राची जमीन उद्यानासाठी किंवा स्मारकासाठी राज्याला किंवा शहराला देताना अट घालण्याची पद्धत आहे, की त्या कामाशिवाय दुसरे काही तिथे करायचे नाही आणि केले तर जमीन परत केंद्राकडे जाईल. ही परतीची अट म्हणजे त्या व्यवहाराचा कणा आहे. ती नसेल तर आज स्वागत केंद्र, उद्या उपाहारगृह आणि परवा दुकानांचे गाळे!

दुसरी गोष्ट, निगा कोण राखणार. याच व्हिक्सबर्गमध्ये १९६० च्या दशकात शहराच्या दक्षिणेकडचा उद्यानाचा काही भाग शहराच्या ताब्यात दिला गेला. तिथेही तोफांच्या जागा आहेत, स्मारके आहेत. पण मुख्य उद्यानापासून तो भाग तुटला आणि येणारे बहुतेक लोक तिकडे फिरकत नाहीत. जमीन देणे सोपे असते, जपणे कठीण. तिथली माती भुसभुशीत, वाऱ्याने वाहून आणून साचलेली. २०२० च्या सुरुवातीला जोराचा पाऊस झाला, तेव्हा दफनभूमीची आणि रस्त्याची काही जागा खचली आणि तो भाग बंद ठेवावा लागला. असा खर्च केंद्राच्या डोक्यावर असताना राज्य इमारतीचा भार उचलत असेल, तर त्यात वाईट काही नाही. पण कोण काय सांभाळणार, हे आधी ठरले पाहिजे.

तिसरी गोष्ट, आणि सर्वांत महत्त्वाची, गोष्ट कोणती सांगणार. इमारतीत शिरल्याबरोबर पहिल्या भिंतीवर काय लिहिलेले असेल? दोन्ही बाजू शूर होत्या, एवढेच? की युद्ध गुलामगिरीपायी झाले, हेही? मिलिकन्स बेंडला पूर्ण भिंत मिळणार, की जिन्याखालचा एक फलक? त्या सात हजार कबरींतल्या माणसांचे वंशज आजही असतील. ते आपल्या लेकरांना घेऊन येतील, तेव्हा आपल्या पणजोबाची ओळख त्यांना तिथे सापडणार का? म्हणून माझे म्हणणे असे, की आत काय सांगायचे हे ठरवणाऱ्या मंडळात त्यांची माणसे असली पाहिजेत. जमिनीची मालकी केंद्राकडे असो की राज्याकडे, इतिहासाची मालकी ज्यांच्या रक्ताने तो लिहिला त्यांची आहे.

काही जण म्हणतील, सोयीसुविधांची एवढी चर्चा कशाला? पाणी, शौचालय, सावली, बसायला बाक, चाकाच्या खुर्चीसाठी उतार, या काय इतिहासाच्या गोष्टी आहेत? मी म्हणतो, आहेत. सोय नसेल तर तिथे कोण जाईल? ज्याच्याकडे मोटार आहे, अंगात ताकद आहे, खिशात पैसे आहेत, तोच. म्हातारी आजी जाणार नाही, लेकुरवाळी बाई जाणार नाही, अपंग माणूस जाणार नाही. म्हणजे ज्या गरिबांचा तो इतिहास, तेच दाराबाहेर राहणार!

इथे भीमा कोरेगावची आठवण तुम्हाला आल्याशिवाय राहिली नसेल. १ जानेवारी १८१८ ची ती लढाई. तिथल्या विजयस्तंभावर कोरलेल्या शहिदांच्या नावांत २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ती आपल्या पूर्वजांची नावे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले आणि त्यांनी त्या दगडाला पुन्हा बोलते केले. आज दर वर्षी लाखो लोक तिथे जातात. २०१८ साली तिथे काय घडले, तेही आपण विसरलेलो नाही. तिथल्या जागेचा प्रश्नही न्यायालयापर्यंत गेलेला आहे. १ जानेवारीला शासन पाण्याची, बसगाड्यांची, शौचालयांची व्यवस्था करते. ती झालीच पाहिजे आणि वाढत्या गर्दीप्रमाणे वाढलीही पाहिजे. पण वर्षाचे उरलेले दिवस? जूनच्या एखाद्या साध्या मंगळवारी कुणी बाप आपल्या पोरीला घेऊन गेला, तर ती लढाई तिला समजावून सांगायला काय आहे? तेव्हा मघाचेच तीन प्रश्न इथेही विचारायचे. जागा कशासाठी, निगा कुणाची आणि गोष्ट कोण सांगणार? मागणी करताना केवळ "सुविधा द्या" म्हणून थांबू नका. हे तीनही मुद्दे निवेदनात लिहा आणि पोच घ्यायला विसरू नका.

जाता जाता तरुणांना आणि मुलांना एक काम सांगतो. यापुढे कोणतेही स्मारक बघायला जाल, किल्ला असो, संग्रहालय असो, लेणी असोत, तेव्हा नुसता फोटो काढून परत येऊ नका. फलक पूर्ण वाचा. त्यावर कुणाचे नाव आहे ते बघा आणि कुणाचे नाही, तेही बघा. लढाईत तोफ कुणी ओढली, खंदक कुणी खणला, दगड कुणी वाहिला, हे विचारा. उत्तर मिळाले नाही तर घरी येऊन वहीत लिहून ठेवा. व्हिक्सबर्गच्या लोकांना त्या उत्तरासाठी १०५ वर्षे थांबावे लागले. आपल्या मुलांना एवढे थांबायला लागू नये, ही जबाबदारी आपली, मोठ्यांची आहे.



नमो बुद्धाय! जय भीम!